हवालदाराचा कान

लाकडाच्या वखारीतला कुत्रा सकाळी मालकांना चावला आणि दुपारपर्यंत साऱ्या वखारीनं त्याला पिसाळलेला ठरवून टाकलं. त्याचं नाव हवालदार. आठ वर्षं त्यानं फाटक राखलं होतं, पण ते आठवायला कोणाला सवड नव्हती. मालकांनी नगरपालिकेला फोन फिरवला. चार वाजता गाडी येऊन त्याला कायमचा घेऊन जाणार होती.

करवतीच्या पात्यांना धार लावणाऱ्या काकूंनी हातातली कानस खाली ठेवली, स्टूल उचललं आणि हवालदाराला कोंडलं होतं त्या खोलीच्या दारात ठाण मांडलं.

"काकू, उठा," मालक म्हणाले. त्यांच्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता.

"उठत नाही."

मालक नाकावर माशी बसू देणारे नव्हते. पण काकूंनी त्यांना अर्ध्या चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे त्यांचा आवाज जरा खालीच राहिला. "मी फक्त डोक्यावरून हात फिरवला, तर चावला."

"डाव्या बाजूनं फिरवला असणार. आठवडा झाला, तो मान डावीकडे कलती ठेवतोय. डोकं झटकतो, तोच कान खाजवतो, जवळ गेलं की कुबट वास येतो. जेवतोय, पाणी पितोय, मला ओळखतोय. कान ठणकतोय त्याचा, आणि तुमचा हात नेमका तिथे पडला. लस दर वर्षी मी टोचून आणते, कार्ड माझ्या पिशवीत आहे. तरी तुम्ही जखम साबणानं धुवा आणि दवाखान्यात जा. याच्यासाठी डॉक्टरीणबाईंना मी बोलावलंय."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

डॉक्टरीणबाई साडेतीनला आल्या. हवालदाराच्या तोंडाला जाळी बांधून त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि कानात उजेड धरला. चिमट्यानं आधी काळा, चिकट लगदा निघाला, मग नखाएवढी लाकडाची कपची. "आत सगळा भुसा कोंबलाय," त्या म्हणाल्या. "एवढा गेला कसा?"

जमलेले सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले. कामाची पाळी संपली की या वखारीत जो तो हवेच्या पाइपानं अंगावरचा भुसा उडवून घरी जायचा. शेवटचा नंबर हवालदाराचा. तो डोळे मिटून उभा राहायचा आणि सगळे हसायचे. त्याच्या वेळी पाइप रोज काकूंच्या हातात असायचा. त्यांना ते भारी लाडाचं वाटायचं.

 काकू गप्प बसल्या असत्या तर कोणी त्यांचं नाव घेतलं नसतं.

"मी मारत होते हवा," त्या म्हणाल्या. "रोज. त्याच्या कानावर."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मालक कधी काकूंकडे, कधी झोपलेल्या कुत्र्याकडे बघत राहिले.

"आठवडाभर मी त्याचं दुखणं बघितलं आणि उद्या बघू म्हटलं," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र हलला नाही. "चावायचं तर त्यानं मला चावायला हवं होतं. तो नाही चावला. गाडी आलीच आहे, तर गुन्हा कोणाचा ते जाऊन सांगा त्यांना. मी इथेच बसलेय."

मालक रुमाल सावरत फाटकाकडे गेले. थोड्या वेळानं गाडी वळल्याचा आवाज आला. काकूंनी पाती पुसायचा मऊ ब्रश मागवून घेतला आणि हवालदाराच्या पाठीवरचा भुसा झाडायला सुरुवात केली.