जाण्यायेण्याचा हक्क

दस्त टाइप करण्यात माझी बावीस वर्षं गेली. खरेदीखत असो, भाडेकरार असो, हक्कसोडपत्र असो, आमचे वकीलसाहेब तोंडी मुद्दे सांगत आणि मी न अडखळता सहा पानं काढून देई. निर्वेध, वहिवाट, चतुःसीमा हे शब्द बोटांना इतके पाठ होते, की त्यांना डोक्यापर्यंत जायची कधी गरजच पडली नाही.

नातेवाइकांना हे कुठून कळणार? त्यांच्या लेखी मी अर्धा वकील होतो, आणि उरलेला अर्धा मी स्वतःच भरून काढला होता. एकदा मेहुण्याने विचारलं, जागेवर बोजा आहे असं लिहिलंय, म्हणजे काय? मी सांगितलं, वरचे मजले जास्त झाले की खालच्या भिंतींवर भार येतो, तो बोजा. बिचाऱ्याने इंजिनिअर आणून भिंती ठोकून पाहिल्या. भिंती उत्तम निघाल्या. ती जागा बँकेकडे गहाण आहे हे त्याच्या बायकोने शोधून काढलं, म्हणून तो वाचला. पुढे दोन महिने मेहुणा माझ्याशी फक्त हवापाण्यावर बोलत होता.

असा मी जेव्हा स्वतःचं घर घ्यायला निघालो, तेव्हा खरेदीखत दुसऱ्या कुणाला लिहू देणं शक्यच नव्हतं. साहेब म्हणाले, एकदा नजर टाकतो. मी म्हटलं, आपल्याला कशाला त्रास.

घर बैठं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागे फरसबंद अंगण, आणि अंगणाच्या टोकाला मागच्या गल्लीत उघडणारं छोटं फाटक. विकणारे गृहस्थ घड्याळदुरुस्तीतून निवृत्त झालेले. पूर्वेकडचं शेजारचं घरही पूर्वी त्यांचंच होतं. ते त्यांनी आधीच एका लाँड्रीवाल्या बाईंना विकलं होतं.

राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी या ताई चादरींनी भरलेली हातगाडी घेऊन आमच्या अंगणातून गेल्या. जाताना "येऊ का?" म्हणाल्या. बायको "या की" म्हणाली. मागच्या गल्लीतल्या दोन अतिथिगृहांच्या चादरी त्या धूत, आणि आमच्या अंगणातून गेलं की अख्ख्या वस्तीला पडणारा वळसा वाचे. घड्याळवाल्यांच्या वेळेपासून त्या तशाच जात होत्या. मला ते खपलं नाही. गाडीचं एक चाक कुरकुरायचं, तेही नेमकं मी पेपर उघडून बसलो की.

बायको म्हणाली, "तोंडाने सांगा ना. समजूतदार आहेत त्या."

मी म्हटलं, या गोष्टी लेखीच झालेल्या बऱ्या. मग मी नोटीस टाइप केली. सदर मिळकतीत आपला कोणताही सुविधाधिकार नसताना आपण अनधिकृतपणे जा-ये करीत आहात, ती पंधरा दिवसांत बंद न केल्यास योग्य ती कारवाई, वगैरे. सुविधाधिकार हा शब्द घालताना मला विशेष बरं वाटलं. शब्द भारदस्त होता.

दुसऱ्या दिवसापासून अंगण शांत झालं. ताई लांबून जाऊ लागल्या. मी बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, कागदाची ताकद असते.

बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी, ताई पुढच्या दाराने आल्या. हातात कागद होते. नोटिशीने घाबरून त्या एका वकीलबाईंकडे गेल्या होत्या, आणि वकीलबाईंनी नोंदणी कार्यालयातून माझ्याच खरेदीखताची नक्कल काढली होती.

"भाऊ, त्या म्हणाल्या, लिहिणाऱ्यालाच अर्थ विचारा," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत होती. "पान चार."

मी चष्मा लावून मोठ्याने वाचू लागलो. सदर मिळकतीच्या मागील अंगणातून पूर्वेकडील लगतच्या मिळकतीच्या मालकास व वहिवाटदारास पायी अथवा हातगाडीसह जाण्यायेण्याचा कायमस्वरूपी व विनाअडथळा हक्क राहील.

हे कलम मी ओळखत होतो. माझ्या दस्ताच्या आदल्याच आठवड्यात एका पिठाच्या गिरणीच्या खरेदीखतात मी ते टाइप केलं होतं, आणि माझा दस्त करताना नव्याने कशाला म्हणून तीच फाइल उघडून नावं आणि चतुःसीमा तेवढ्या बदलल्या होत्या.

"म्हणजे काय हो?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही जाऊ शकता."

"किती दिवस?"

"कायमच."

"उद्या तुम्ही घर विकलंत तर?"

"तरीही," मी म्हटलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता आणि बायको दारात येऊन उभी होती.

सोमवारी साहेबांपुढे दस्त आणि नोटीस दोन्ही ठेवले. त्यांनी दोन्ही सावकाश वाचले.

"सुविधाधिकार म्हणजे काय, सांगा बरं," ते म्हणाले.

"म्हणजे पाणी, वीज, अशा सुविधा..." मी सुरुवात केली.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. आपल्या जागेच्या सोयीसाठी दुसऱ्याची जागा ठरावीक कामापुरती वापरायचा हक्क, तो सुविधाधिकार. त्या बाई आजवर नुसत्या परवानगीवर येत होत्या. परवानगी उद्या काढून घेता येते, हक्क तसा काढता येत नाही. "तो तुम्ही त्यांना लिहून दिलात," ते म्हणाले, "आणि त्यांना माहीत नव्हतं, तर नोटीस पाठवून कळवलंत. इतकं चोख काम मी पाहिलेलं नाही."

चूकदुरुस्तीपत्र करता येईल, पण घड्याळवाल्यांची सही लागेल आणि ताईंची संमतीही, असं त्यांनी सांगितलं. मी मसुदा तयार केला, या वेळी साहेबांना दाखवला, आणि संध्याकाळी घड्याळवाल्यांकडे गेलो.

त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. मी पिशवीत हात घातला, तोच ते म्हणाले, "ताईंच्या वाटेचं तुम्ही आपणहून लिहिलंत ना, ते मी सही करताना वाचलं. मला सुचलं नव्हतं हो. घरी येऊन हिला सांगितलं, घर चांगल्या माणसाकडे गेलं."

त्यांच्या पत्नीने मान हलवली आणि आणखी एक बिस्किट माझ्या बशीत ठेवलं. मी ते खाल्लं. पिशवीतला हात रिकामाच बाहेर काढला आणि घड्याळांबद्दल काहीतरी विचारलं. थोरपणा म्हणावा, तर तसं काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या दस्ताचं कौतुक करत होतं, आणि ते मोडवेना.

ताई पुन्हा अंगणातून जाऊ लागल्या. मी चाकाला तेल दिलं. कागद त्यांनी मात्र नीट वाचला असावा, कारण एकदा माझी सायकल वाटेत होती, तर त्या नम्रपणे म्हणाल्या, "भाऊ, विनाअडथळा लिहिलंय ना आपण?" मी सायकल हलवली.

महिन्याभराने त्यांनी विचारलं, हातगाडी आमच्या अंगणातच ठेवली तर चालेल का? पूर्वीचा मी जागच्या जागी कलम सांगून मोकळा झालो असतो. या वेळी म्हटलं, विचारून सांगतो. साहेब म्हणाले, हक्क जाण्यायेण्याचा आहे, ठेवण्याचा नाही. माझ्या बाजूचा एक तरी शब्द त्या दस्तात निघाला म्हणून मी जवळजवळ पळतच घरी आलो. पाहतो तर गाडी भिंतीला लावून ठेवलेली, वर फडकंही टाकलेलं.

"हक्क नाहीये त्यांना," मी बायकोला म्हटलं. "साहेबांनी स्पष्ट सांगितलंय."

"हक्क नसेल. परवानगी आहे," ती म्हणाली. "मी दिली. घर दोघांच्या नावावर आहे ना?"

मी कपाटातून खरेदीखत काढून पाहिलं. होतं.