नाव बुडवणारा

मी ब्रुकलिनमधला एक लाकडी खुळखुळा. पोरं रमवणारा नव्हे. गरगर फिरवला की कर्र कर्र ओरडणारा. पुरीमच्या सणाला सिनेगॉगमध्ये पोथी वाचतात. आमच्या साऱ्या ज्यू लोकांना मारायला निघालेल्या हामानचं नाव आलं, की मला फिरवायचं आणि ते नाव गोंगाटात बुडवायचं. माझा जन्मच त्यासाठी.

गेल्या पुरीमला हिंदाआजीचा तान्हा नातू गेत्सेल त्याच्या आईच्या, फ्रुमाच्या, मांडीवर होता. मी करकरलो की तो दोन्ही हात फेकून दचकायचा. दर वेळी.

"बघा, हामानशी याचं जुनं वैर! रब्बी होणार लेकाचा!" काका हसला आणि त्यानं मला मुद्दाम पोराच्या कानाशी फिरवलं.

सगळे खिदळले. हिंदाआजी हसली नाही. तिचा पहिला मुलगा लायबेल माझ्या आवाजाला असाच दचकायचा. मग त्याची मान लुळी पडली, नजर गेली, तोही गेला. शेजाऱ्यांना सांगितलं, न्यूमोनिया. खरं सांगितलं असतं तर पाठच्या मुलींना कोणी सून करून घेतलं असतं?

गेत्सेलही त्याच वाटेनं निघाला. डॉक्टर म्हणाले, मेंदू झिजतोय, औषध नाही. दोष आईबाप दोघांच्याही रक्तात असला तर असं मूल होऊ शकतं. आता ते लग्नाआधीच तपासता येतं.

"आई, तुला माहीत होतं?" फ्रुमानं विचारलं.

"हळू बोल."

"निदान रायझेलचं तरी रक्त तपासू."

"धाकट्या बहिणीची सोयरीक मोडायला निघालीस? तोंड आवर, बाई."

आज रायझेलचा साखरपुडा. गेत्सेलला मागच्या खोलीत ठेवलंय. मीही तिथंच, कपाटात, फडक्यात गुंडाळलेला. त्याला आता दिसत नाही, गिळता येत नाही. पण चमचा पडला तरी दचकतो.

बाहेर रीतीप्रमाणे दोन्ही विहिणींनी मिळून चिनी मातीची बशी फोडली. "माझल तोव!" गलका झाला. गेत्सेलचे हात हवेत उडाले. फ्रुमानं तळव्यांनी त्याचे कान झाकले.

"आत कोण आहे?" नव्या विहीणबाईंचा आवाज.

"आमची मोठी. डोकं दुखतंय तिचं," हिंदाआजी म्हणाली.

लोकहो, हामान कधीच मेला; त्याचं नाव बुडवून भागतं. हा मारेकरी जिवंत आहे. या रोगाचं नाव टे-सॅक्स. रायझेलच्या लग्नाआधी ते मोठ्यानं घ्या. मला घेता येत नाही. मी ओरडलो, तर पहिला दचकेल गेत्सेल.