चादरीचं दुसरं टोक

"घट्ट धरा, मास्तर. सुटतंय," मावशी म्हणाली. म्हणाली म्हणजे तिने नुसते ओठ हलवले. आवाज काढला नाही.

वृद्धाश्रमात ती दुपारच्या विश्रांतीची वेळ होती. जेवणं झाली की खोल्यांची दारं लोटली जात, आणि चहाची घंटा होईपर्यंत कुणी साधी खुर्चीसुद्धा सरकवायची नाही, असा मॅनेजरबाईंचा नियम होता. जागी असायची ती चादरी धुणारी आणि बदलणारी मावशी, आणि दिवसा डोळा लागत नाही म्हणून हॉलमध्ये येऊन बसणारे मास्तर. मास्तर म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. इंजिनांच्या आवाजात जन्म काढून त्यांचे कान पार गेले होते. त्यांना समोरच्याचे ओठ वाचता येत. स्वतःचा आवाज मात्र त्यांना मोजता येत नसे. एकदा मोठ्याने बोलल्याबद्दल मॅनेजरबाईंनी झापल्यापासून ते सदान् कदा कुजबुजतच बोलत, एखादं गुपित सांगितल्यासारखं.

"धरलंय की," ते कुजबुजले. चादरीची दोन टोकं त्यांनी दोन मुठींत आवळली होती. "आगगाड्या थांबवल्यात मी या हातांनी. तुझी चादर म्हणजे काय मोठं?"

"तुम्ही झेंडा दाखवत होता. गाडी ड्रायव्हर थांबवायचा."

"तेच ते."

मावशीने आपल्याकडची टोकं ताणून चादरीला एक झटका दिला, घडी घातली आणि चालत येऊन मास्तरांच्या हातातली टोकं आपल्या टोकांना मिळवली. मग पुढची चादर. ढीग संपला की ती हात पदराला पुसायची आणि भिंतीशी असलेल्या पियानोपाशी जायची. मास्तर आपली खुर्ची न सरकवता, उचलून शेजारी ठेवायचे आणि पियानोच्या लाकडी अंगावर तळहात टेकवायचे.

हा पियानो कुठल्या तरी आजींच्या मुलांनी घर विकताना आणून टाकला होता. आजी महिन्याभरात गेल्या. पियानो राहिला. पुढे त्याच्यावर औषधांचे ट्रे ठेवायला लागले. मावशी तो पुसायची. एकदा पुसताना फडकं पट्ट्यांवरून घसरलं आणि आतून असा काही घुमणारा आवाज आला की ती जागीच गोठली. कुणी उठतं का म्हणून तिने दारांकडे पाहिलं. कुणी उठलं नाही. मग तिने एकच पट्टी बोटाने दाबली, अगदी सावकाश, झोपलेल्या मुलाच्या गालाला हात लावावा तशी. आतली हातोडी तारेपाशी जेमतेम पोचली. आला तो सूर नव्हता, सुराची सावली होती. पण तिला तो पुरला.

पियानोसमोरच्या बाकाच्या पोटात एक जुनं शिकण्याचं पुस्तक होतं. त्याला कव्हर नव्हतं, पण हातांची चित्रं होती, बोटांवर आकडे होते आणि कुठला ठिपका म्हणजे कुठली पट्टी तेही काढून दाखवलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या मावशीने त्यावरून एकेक बोट बसवलं. आधी उजवा हात, मग डावा. मग दोन्ही एकत्र, तेव्हा तर तिला रडूच आलं, कारण एक हात ऐकायला लागला की दुसरा विसरायचा. शेवटी तिने सतराव्या पानावरचं एक गाणं धरलं. पानाचा वरचा कोपरा फाटलेला असल्यामुळे त्याचं नाव तिला कधीच कळलं नाही. ती आणि मास्तर त्याला 'पान सतरा' म्हणत.

तिने हे घरी सांगितलं नव्हतं. ती धाकट्या बहिणीकडे राहायची, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. रात्री जेवताना तिची बोटं ताटाशेजारी टेबलावर चालू लागत.

"ताई, त्या टेबलाने काय घोडं मारलंय तुझं?" धाकटी विचारायची.

"बोटं आखडतात गं. सोडा असतो ना पाण्यात."

"मग तेल लाव. नाहीतर म्हणतील, थोरली बहीण टेबलाला गुदगुल्या करते."

मावशी हसायची आणि हात मांडीवर घ्यायची. शाळेत असताना बाईंनी तिला समूहगीतात उभं केलं होतं. सूर लागत नव्हता, पण रांगेत उंची बरोबर जमत होती म्हणून काढता येईना, तेव्हा बाई तिच्या कानाशी येऊन म्हणाल्या होत्या, "तू नुसते ओठ हलव हं." बाई काही रागावून बोलल्या नव्हत्या. पण तेव्हापासून मावशीने पुष्कळ ठिकाणी नुसते ओठ हलवले होते. लग्न ठरताना, मोडताना, खोलीची वाटणी होताना. मास्तरांशी बोलताना मात्र तेच कामाला आलं.

"येतेय," मास्तर म्हणायचे. तळहात लाकडावर आणि डोळे मिटलेले. "रुळाला हात लावला की गाडी दिसायच्या आधी कळते, तसं. येतेय. हां, आता पूल लागला."

पूल म्हणजे तिसरी ओळ. तिथे डाव्या हाताला खाली जायचं असायचं आणि मावशी हमखास अडखळायची.

"चुकलं," ती वळून सांगायची.

"मला काय कळतंय? माझ्या हिशेबी गाडी आली."

एका दुपारी वाजवून झाल्यावर त्यांनी हात काढला नाही. म्हणाले, "माझ्या वेळी वाजवशील हे?"

"कुठल्या वेळी?"

"अगं, माझी गाडी सुटेल तेव्हा."

"भलतंच काय बोलता."

"भलतं कसलं? टाइमटेबल आहे. इथं माणूस गेलं की काय करतात, बघतेस ना? इथंच हॉलमध्ये स्ट्रेचर आणतात. बाई दोन शब्द बोलतात. सगळे आपापल्या चपलांकडे बघत उभे राहतात. कुणीतरी खोकतं. झालं, दार उघडलं." ते थांबले. त्यांचा आवाज कुजबुजीतून थोडा वर आला आणि त्यांनी तो घाबरून खाली घेतला. "मालगाडीलासुद्धा मी उभं राहून शिट्टी दिलीय. मी मुकाट्यानं जाऊ?"

मावशी त्यांच्याकडे वळली. "मला अजून बसलं नाही ते."

"मग बसव. मी थांबतो जरा. पण फार लेट करू नकोस."

तिने ओठ हलवले, "वाजवीन." मास्तरांनी ते वाचलं, आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन मॅनेजरबाईंना सांगून टाकलं.

बाईंनी मावशीला ऑफिसात बोलावलं. ऑफिस हॉलला लागूनच होतं, मधे नुसता लाकडी पडदा. आता नोकरी जाते, असं धरूनच ती आत गेली.

"मावशी, तुम्ही पियानो वाजवता?"

"थोडं. दुपारी."

"दुपारी? मी इथंच बसलेली असते. मला कसं कधी ऐकू आलं नाही?" बाई चक्क हसल्या. "कमाल आहे तुमची. कुणाची झोपमोड नाही, काही नाही. वाजवा हो वाजवा."

अशी शाबासकी मावशीला क्वचितच मिळाली होती. घरी जाईपर्यंत बाईंचे शब्द तिच्या मनात घोळत राहिले. त्यानंतर तर ती आणखीच हलक्या हाताने वाजवू लागली.

थंडीत मास्तरांच्या छातीत कफ झाला आणि ते खोलीतून बाहेर यायचे बंद झाले. मावशीला आता चादरीची मधली कड हनुवटीखाली दाबून एकटीनेच घडी घालावी लागे. घड्या वाकड्या व्हायच्या. पान सतरा ती एकटीच वाजवायची, मग त्यांच्या खोलीत उशीचा अभ्रा बदलायला जायची.

"बसलं का?" ते विचारत. आता त्यांना खरोखरच कुजबुजण्याइतकाच दम उरला होता.

"पुलावर अडतं."

"इथं वाजव बघू." त्यांनी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर तळहात ठेवला.

मावशीने दाराकडे पाहिलं आणि कठड्यावर बोटं चालवली. पहिली ओळ. दुसरी. मास्तरांच्या कपाळावरची आठी सैल झाली. "येतेय," ते म्हणाले. मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि नर्स आत आली.

ते गेले त्या सकाळी मावशी चादरी भिजत घालत होती. बातमी ऐकल्यावर तिने भिजवलेल्या चादरी पिळून घेतल्या, कारण तशाच सोडल्या तर डाग बसतात. मग हात कोरडे केले आणि बोटं लवचीक राहावीत म्हणून काखेत धरून बसली.

दुपार व्हायच्या आत मास्तरांचा मुलगा आला. आदल्या रात्री तब्येतीचा फोन गेल्यावर दूरच्या शहरातून रात्रभर गाडी चालवून आलेला, डोळे तारवटलेले. हॉलमध्ये सगळे जमले होते. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, नर्सेस, स्वयंपाकघरातल्या बायका. मावशीने चाकांचं स्ट्रेचर आणणाऱ्या दोघांना आधीच गाठून सांगितलं होतं, "पियानोला टेकवून उभं करा. अगदी टेकवून." त्यांनी कारण विचारलं नाही. स्ट्रेचरची दांडी पियानोच्या लाकडाला लागली तेव्हा बारीकसा ठक असा आवाज झाला. मावशीच्या जिवाला जरा बरं वाटलं.

"इतकं चिकटून नको," मॅनेजरबाई म्हणाल्या. "मधे वाट ठेवा." आणि त्यांनी स्वतःच पायाने स्ट्रेचर वीतभर बाजूला ढकललं.

मावशीने त्या वीतभर फटीकडे पाहिलं. 'राहू द्या ना बाई, तसंच हवंय' हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. ओठ हलले. पण बाईंना ओठ वाचता येत नव्हते.

बाई दोन शब्द बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "मास्तरांची इच्छा होती. आपल्या चादरीवाल्या मावशी आता पियानो वाजवतील."

मुलाने आश्चर्याने मान वळवली. मावशी बाकावर बसली. पुस्तक उघडायची गरज नव्हती. तिने श्वास घेतला आणि सुरुवात केली.

पहिली ओळ गेली. दुसरी गेली. वर पंखा कुरकुरत होता. स्वयंपाकघरात कुणी तरी कुकरचं झाकण ठेवलं. मागे एक काठी फरशीवर घसरली, कुणी तरी खोकलं. तिसरी ओळ आली, डावा हात खाली उतरला आणि न अडखळता पुलावरून पलीकडे गेला. असं आजवर एकदाही झालं नव्हतं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने बोटं थांबू दिली नाहीत. शेवटचा सूर तिने दाबून धरला, तो विरेपर्यंत, आणि मग हात मांडीवर घेतले.

हॉलमध्ये सगळे उभे होते. आपापल्या चपलांकडे बघत.

मॅनेजरबाई वाकून तिच्या कानाशी म्हणाल्या, "मावशी, करा ना सुरू. सगळे थांबलेत."

मावशीने वर पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, नुसती घाई होती. तिने मुलाकडे पाहिलं. तो घड्याळाकडे बघत होता. हळूहळू तिला कळलं. झोपलेल्या माणसांसाठी ती वाजवायला शिकली होती, आणि शेजारी जागं बसायचं ते एकच माणूस बहिरं होतं. ही बोटं कुणी ऐकलीच नव्हती, म्हणून तिला हे सांगायलाही कुणी नव्हतं.

तिने पुन्हा हात उचलले. जोर लावायचा म्हणून लावला, पण बोटं पट्टीपाशी येऊन आपोआप मऊ व्हायची. मग डोळे मिटून तिने एक पट्टी ठोकली.

केवढा तरी आवाज झाला. चाकाच्या खुर्चीतल्या एक आजी दचकल्या. तो आवाज मावशीच्या ओळखीचा नव्हता. कुणी परकं माणूस खोलीत शिरल्यासारखा तो होता. तिने हात मागे घेतले. लोकांनी ऐकला तो एवढाच एक सूर.

"राहू द्या, मावशी," मुलगा मऊपणे म्हणाला. "बाबांना तसंही ऐकू येत नव्हतं. बाहेर गाडी आलीय."

"हो," मावशी म्हणाली. "राहू द्या."

दार उघडलं. स्ट्रेचर बाहेर गेलं. स्वयंपाकघरातली बाई जाता जाता तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "होतं असं, मावशे. ऐनवेळी हात चालत नाही. मी तर उभीसुद्धा राहिले नसते सगळ्यांसमोर."

मावशीने मान हलवली.

जेवणं झाली. दारं लोटली गेली. मास्तरांच्या पलंगावरची चादर सकाळीच धुऊन वाळत घातली होती. ती मावशीने दोरीवरून काढून आणली. हॉलमध्ये कुणी नव्हतं. मास्तरांची खुर्ची कुणी तरी भिंतीशी रांगेत नेऊन लावली होती. मावशीने चादर हनुवटीखाली धरून घडी घालून पाहिली. ती वाकडी झाली. तिने पुन्हा उलगडली.

मग ती पियानोपाशी गेली. झाकण उघडलं, चादरीची दोन टोकं पट्ट्यांवर नीट अंथरली आणि झाकण आवाज न करता बंद केलं. उरलेली दोन टोकं घेऊन ती मागे मागे हॉलच्या मध्यापर्यंत गेली आणि तिने चादर ताणली. पलीकडून कुणी तरी घट्ट धरली होती.