जादा ब्रेक

‘माणसाने भीतीवर विजय मिळवला, म्हणूनच मानवजात गुहेतून बाहेर पडली.’ हे थोर वाक्य जिन्याखालच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेलं होतं. त्याच्या बरोबर खाली मानवजातीचा एक प्रतिनिधी, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, असा उभा राहून मुकाट घरी सटकावं की काय याचा विचार करत होता.

हे मास्तर. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. शिकणारा स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी आणि मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. उरलेलं निम्मं गाव त्या पायामुळे जिवंत होतं, पण त्याला ते ठाऊक नव्हतं.

“मास्तर, वर या की! खाली काय करताय?” वरून ताईंनी हाक मारली. ताई वयाने मास्तरांच्या लेकीएवढ्या. पण मन मोकळं करायचं हे मंडळ त्या चालवत, म्हणून सगळ्यांच्या ताई.

“आलो, आलो. चपला काढतोय.”

चपला केव्हाच काढून झाल्या होत्या.

वरच्या खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या. मंडळाची रीत अशी, की एक उशी हातोहात फिरायची. ज्याच्या मांडीवर उशी, त्याने मनातलं बोलायचं. मग बाकीच्यांनी एकेकाने फक्त ‘ऐकलं’ म्हणायचं. सल्ला नाही, सांत्वन नाही, आणि ‘आमच्या मेहुण्याचंही अगदी असंच झालं होतं’ हे तर मुळीच नाही. मास्तर दर खेपेला ती उशी चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखी पुढे सरकवून देत.

त्यांना धास्ती बोलण्याची नव्हती, एका शब्दाची होती. बायको म्हणाली होती, “एवढंच ना? मग जेवा बघू.” क्लासचा मालक म्हणाला होता, “एवढंच? अहो, मी उगाच घाबरलो ना!” आता फक्त ही खोली उरली होती. इथेही कुणी ‘एवढंच?’ म्हणालं, तर जाऊन बसायला जागा नव्हती.

आज उशी आधी काकूंकडे गेली. काकू शिवणकाम करत. त्यांचा मुलगा गेला होता.

“काल शर्ट बेतायला घेतला,” त्या म्हणाल्या. “कात्री चालवली, बाह्या काढल्या. मग लक्षात आलं, हे माप गिऱ्हाइकाचं नाही. त्याचंच.”

मास्तरांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. समोरून काही येताना दिसलं की तो हल्ली असाच दाबला जाई. जेवताना, झोपेतसुद्धा. बायकोने अंथरूण वेगळं केलं होतं.

“ऐकलं,” ताई म्हणाल्या. “ऐकलं,” मास्तर पुटपुटले. “ऐकलं,” पलीकडचे साहेब म्हणाले. साहेब म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. घरी बोलायला कुणी नाही म्हणून ते मंडळात आले होते आणि इथे बोलू देत नाहीत म्हणून हैराण होते.

उशी मास्तरांच्या मांडीवर आली. काकूंच्या आसवांनी अजून ओलसर होती. यानंतर आपली गोष्ट सांगायची? त्यांनी उशी साहेबांकडे सरकवली.

साहेबांनी हात मागे घेतले. “मधला नंबर सोडून मी घेत नसतो. काही पद्धत असते.”

“साहेब, माझं काही नाहीये हो.”

“नाही तर नाही म्हणून सांगा. पण सांगा.”

मास्तरांनी उशीची दोन्ही टोकं घट्ट धरली.

“एक बाई शिकत होत्या. वळणावर सायकलवाला आडवा आला. मी ब्रेक दाबला. तो पडला, उठला, मला शिव्या दिल्या आणि गेला. खरचटलंसुद्धा नाही.” ते थांबले. काकूंकडे बघायची त्यांची छाती होईना. “पण त्याआधी... पाय उठलाच नाही. इतकी वर्षं तो माझ्या आधी धावायचा. त्या दिवशी मी म्हणतोय दाब, दाब, आणि तो तसाच. मग दाबला. पण तेवढ्यात मी तो माणूस चाकाखाली बघितला होता. मेलेला. अजून बघतो. कुठलाही सायकलवाला आला की तो मला मेलेलाच दिसतो.” आवाज बारीक झाला. “झालं काहीच नाही. एवढंच.”

तो शब्द अखेर त्यांनी स्वतःच उच्चारला होता. ते वाट बघत राहिले, मान खाली घालून, डॉक्टरकडे सुईची वाट बघतात तसे.

“ऐकलं,” ताई म्हणाल्या.

काकू त्यांच्याकडे वळल्या. “ऐकलं, मास्तर.”

साहेबांनी घसा खाकरला. “ऐकलं,” ते म्हणाले, आणि लगेच ठणठणीत आवाजात, “मंजूर!”

“साहेब!” ताई दचकल्या.

“तोंडातून गेलं हो. जन्माची सवय.”

“मग शब्द मागे घ्या. इथे निकाल द्यायचा नसतो.”

“एकदा मंजूर केलेलं मी आजवर फिरवलेलं नाही,” साहेब म्हणाले.

काकूंना हसू फुटलं. मग आपण हसलो म्हणून त्या ओशाळल्या, तरी हसू थांबेना. मास्तर मात्र उशीत तोंड खुपसून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. हसून की रडून, ते कुणी विचारलं नाही. विचारायची रीत नव्हती.

मंडळ सुटल्यावर ताई सगळ्यांबरोबर फुटपाथपर्यंत आल्या. त्या भारावून म्हणाल्या, “मास्तर, भीती चार माणसांत बोलून दाखवली की तिचं बळ सरतं. आज तुम्ही मोकळे झालात. आजचा दिवस मी विसरायची नाही.”

मास्तरांनी मान डोलावली. समोरून गाड्या जात होत्या, मधूनच सायकलची घंटी वाजत होती. त्यांची बस पलीकडच्या थांब्यावर येऊन उभी राहिली, भरली आणि निघून गेली. ताई कौतुकाने त्यांच्याकडे बघतच होत्या.

मास्तर हळूच साहेबांच्या कानाशी वाकले.

“साहेब, घाई नसेल तर... हात धरून तेवढं पलीकडे सोडता का?”