कडेची ओल

अभयने पाळण्यातल्या गादीचा कोपरा उचलला आणि वाकून खाली पाहिलं. नारिंगी रबराची पातळ शीट, तिच्यातून निघालेली पांढरी वायर, आणि कडेला सोडलेली जेमतेम बोटभर जागा.

"ते खेळणं नाही," मागून सिस्टर म्हणाल्या. "बाळाला बघायला आलात ना? मग बाळाला बघा."

त्याने कोपरा हळूच खाली ठेवला. गादीवर त्याची भाची झोपली होती. त्याच्या बहिणीला, पूर्वाला, सातव्यातच कळा सुरू झाल्या आणि पोरगी आदल्या संध्याकाळी जन्माला आली, ओंजळीत मावेल एवढी. पूर्वाचा नवरा सार्थक कंपनीच्या प्रोजेक्टवर अमेरिकेत होता आणि तिकिटासाठी धडपडत होता. पूर्वा शेजारच्या खोलीत तापाने फणफणली होती, तिच्या उशाशी आई. त्यामुळे काचेच्या दारामागच्या या खोलीत थांबायला उरला तो मामाच.

शीट त्याच्याच कारखान्यातली होती, पहिल्या मालातली. हडपसरच्या त्या छोट्या कारखान्यात असेच हीटर बनत. दोन फिल्मच्या मध्ये धातूच्या पत्र्याची नागमोडी पट्टी, वरून रबर, आणि सगळं मिळून लग्नपत्रिकेपेक्षा फार जाड नाही. पहिल्या मालात एक खोट होती. कड अरुंद असल्यामुळे वायर बाहेर येते तिथून ओल थरांमध्ये शिरायची. कोरडी असताना शीट प्रत्येक चाचणीत पास व्हायची. वापरात आली, पुसली, भिजली, की आतलं इन्सुलेशन कमजोर पडून करंट बाहेर झिरपायचा. मग सुरक्षेचा स्विच पडायचा आणि शीट गार. तेही स्विच धड असला तर, नाहीतर शीटवरच्याला झटका.

अभयने त्यावर वर्षभर डोकं घातलं होतं. कड रुंद केली, फिल्मचा आणखी एक थर घातला, दाबताना मधली हवा ओढून घेतली, वायरच्या तोंडाशी रबर ओतलं. नवी शीट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली तरी जराही करंट झिरपला नाही, त्या दिवशी मालकांनी, वैजनाथशेठनी, पेढे मागवले. तेव्हाच अभय म्हणाला होता, "जुन्या शीट परत मागवू या."

"बाहेरचा स्वस्त माल दारात येऊन बसलाय," शेठ म्हणाले होते, "आणि आपणच आपल्या मालाची दवंडी पिटायची? नवीन चांगलं द्या. जुनं जाईल आपोआप."

अभयने हातातला पेढा खाल्ला होता.

आता तो डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"मधून मधून बंद पडते, हे माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पुसून पुन्हा लावली की चालते. का ते आज कळलं."

"तिला दुसरीकडे हलवता येईल?"

"सकाळपासून फोन करतेय. कुठे जागा नाही. आणि या वजनाच्या मुलीला गाडीतून नेणं त्याहून धोक्याचं. आमच्याकडची उबेची एकच पेटी ऑक्सिजनवरच्या बाळाला दिलीय. आता तुम्हीच सांगा, काय करू?"

तो स्कूटर काढून कारखान्यात गेला. नव्या शीटचा सगळा माल परगावी रवाना झालेला. टेबलावर चाचणीची तेवढी एक उरली होती. ती वर्तमानपत्रात गुंडाळून तो परत आला. डॉक्टरीणबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं.

"चांगली झालीय. पण चाचणीचा तुकडा मी बाळाखाली कसा घालू? कंपनीकडून रीतसर येऊ द्या."

त्यांच्या जागी तोही हेच म्हणाला असता. त्याने बाहेर येऊन शेठना फोन लावला.

"सोमवारी बघू," शेठ म्हणाले. मग जरा थांबून, "तू तिथे काही बोलला नाहीस ना?"

अभयने फोन बंद केला.

दुपारी गादीच्या हीटरचा दिवा विझला. सिस्टरनी बाळाच्या पावलाला हात लावला.

"गार पडतेय. शर्ट काढा."

"मी?"

"मग काय मी? बसा त्या खुर्चीवर."

त्यांनी पोरगी उचलून त्याच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली आणि दोघांवर शाल लपेटली. तिचं वजन असं काही जाणवलंच नाही. जाणवला तो तिचा श्वास, अडखळत येणारा, मध्येच थांबणारा. प्रत्येक वेळी तो थांबला की अभयचाही थांबे. हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी त्याने तो तिच्या पाठीवर ठेवला आणि तिथून हलवला नाही. हळूहळू तिची पावलं कोमट झाली.

सिस्टरनी गादी पुसली, चादर बदलली, स्विच वर केला. दिवा लागला.

"झाली सुरू. द्या तिला."

अभयचा हात उचलेना.

"राहू दे का इथेच?"

"राहू द्या की. उलट चांगलंच."

तेवढ्यात दार ढकलून दुसरी नर्स आत आली, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन. मागे डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी होती, मांजरी गावच्या सोजरबाई. त्यांची सून आत्ताच बाळंत झाली होती. बाळाचे ओठ जांभळे पडले होते.

सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते बाळ रिकाम्या गादीवर ठेवलं.

"सिस्टर..." अभय म्हणाला.

"काय?"

त्याने दिव्याकडे पाहिलं. मग त्या जांभळ्या ओठांकडे. शालीखाली त्याच्या छातीवर भाचीने तोंड वळवलं.

"काही नाही."

बाळाचे ओठ हळूहळू उजळले. सोजरबाई त्याच्या खुर्चीजवळ आल्या. त्यांनी हात जोडले.

"लई उपकार झालं, दादा. तुमी तुमच्या पोरीची जागा दिली."

अभय म्हणाला, "आजी, दुपटं ओलं झालं तर लगेच सिस्टरना सांगा. जरा जरी ओलं वाटलं तरी."

"सांगते की. थंडी बाधती ना ओल्याची."

"हो."

सोजरबाईंनी स्टूल पाळण्याला लावून घेतलं, हात पदराला पुसून कोरडा केला आणि ओल चाचपायला नातवाच्या दुपट्याखाली सारला. अभय त्या हाताकडे पाहत राहिला.