थेंब थांबले तेव्हा

बाईंनी कानांवरचे हेडफोन काढून साहेबांपुढे धरले.

"पाहण्यासारखं इथे काही नाही, साहेब. ऐका."

नौदलाच्या प्रमुखांनी टोपी काखेत धरली आणि हेडफोन चढवले. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"पाऊस?"

"आमच्या लंबूची करामत," बाईंनी पडद्यासमोरच्या उंच पोराकडे बोट केलं. "डोळे तरी किती ताणायचे? आपल्या कुठल्याही जहाजाच्या, गोदीच्या, कचेरीच्या संगणकात कुणी शिरू पाहिलं, की एक थेंब वाजतो."

साहेब ऐकत राहिले. उभा जन्म समुद्रावर गेलेला, वादळं अंगावर घेतलेला माणूस. पण हे सगळ्या ताफ्यावर एकाच वेळी कोसळत होतं आणि दिसत मात्र कुठेच नव्हतं. त्यांचा हात नकळत टेबलाच्या कडेवर गेला, जहाज कलल्यावर जावा तसा.

बाईंनी तो हात पाहिला आणि त्यांना धीर आला. पूर्वी त्या नौदलाच्या शाळेत शिकवत, म्हणून सगळ्यांच्या बाईच. काही बिघडलं की इथूनतिथून उसनी माणसं गोळा करून हा पहारा बसायचा. निभावलं की माणसं आपापल्या जहाजांवर परत, आणि खोलीला कुलूप. पुढच्या खेपेला पुन्हा अ-आ-इ-ई. हा पहारा कायमचा व्हावा, एवढं एकच मागणं घेऊन त्या आज उभ्या होत्या.

"जहाजांवर माणसं पुरत नाहीत, बाई," साहेब म्हणाले. "आणि तुमचा लंबू इथे गारव्यात बसून पाऊस पाडतोय."

"पाणबुडीत डोकं आपटून टेंगळं आली होती, साहेब," लंबू म्हणाला. "इथलं छत तरी उंच आहे."

साहेब हसले आणि हसता हसताच थबकले.

"बंद पडलं का रे तुझं यंत्र?"

लंबू पडद्याकडे वळला. त्याची बोटं भराभर चालली.

"यंत्र चालू आहे, साहेब. थेंबच थांबलेत. सगळे, एकदम."

"गेले म्हणजे! बरंच झालं की."

"गेले नाहीत, साहेब," बाई म्हणाल्या. "मागे आमचा पहारा उठला, त्याच्या आधी अस्संच झालं होतं. आमची माणसं जाणार हे कळलं, की हे शिरू पाहणारे नुसते वाट बघत बसतात." त्या अडखळल्या. "साहेब, आमचा पहारा उठवताय का?"

साहेबांनी हेडफोन काढले आणि कुणी झोपलेलं जागं होईल अशा बेताने खाली ठेवले.

"तसा आदेश लिहिलाय आज सकाळी. खोलीत एकटा होतो. माझ्याच संगणकावर. अजून सही केलेली नाही, कुणाला दाखवलेलाही नाही."

म्हणजे तो लिहिताना साहेबांच्याच संगणकात शिरून, जणू खांद्यामागे उभं राहून, कुणीतरी निवांत वाचत होतं. बाईंना भीती वाटलीच, पण भर समुद्रात पहिल्यांदा तळाचा विचार मनात आला होता तेव्हा वाटलं होतं, तसंही काही वाटलं. केवढं खोल होतं हे, आणि किती शांत!

साहेबांनी खुर्ची ओढली.

"कोरा कागद द्या. माणसं किती लागतील, बाई? परत न जाणारी."

इतकी वर्षं तोंडपाठ असलेला आकडा बाईंनी सांगून टाकला. लंबूने कागद ठेवला आणि आपली शब्दकोडी सोडवायची पेन्सिल पुढे केली.

"पेन्सिल नको," साहेब म्हणाले. "शाईचं पेन बघ कुणाकडे मिळतंय का."