ऑस्वल्डचं ‘चक्’

ऑस्वल्डचं मँडोलिन वसईत लग्नाच्या गाण्यांमागे वाजायला शिकलं. पुढे कतारच्या दोहा शहरातल्या एका हॉटेलात त्याने काउबॉयची टोपी घालून चार वर्षं कंट्री म्युझिक वाजवलं. मग सोहेलच्या रॉक बँडमध्ये तेच मँडोलिन अँप्लिफायरला जोडून असं कडाडलं, की बिन महमूद वस्तीतल्या शेजाऱ्यांनी भिंती ठोकल्या. ड्रमर कॅनडाला गेला आणि बँड खलास. दोन वर्षं मँडोलिन कपाटावर. हॉस्पिटलातल्या ड्युटीवरून आलेला ऑस्वल्ड नुसता टीव्हीपुढे बसून राहायचा, ते त्याच्या बायकोला, उर्सुलाला, बघवत नसे.

म्हणून चर्चमधल्या ट्रेवर अंकलनी ब्लूग्रासचा, म्हणजे अमेरिकन खेड्यांतल्या तारवाद्यांच्या संगीताचा, बँड काढून त्याला बोलावलं, तेव्हा नवऱ्यापेक्षा तीच जास्त नाचली.

पण घोडं अडलं. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो, ते काम मँडोलिनचं. कुणी गात असलं, की ठोक्यांच्या मधल्या फटीत एक कोरडं ‘चक्’ द्यायचं, बस्स. ऑस्वल्डचा हात मात्र वसईचा. तिथे गाणाऱ्या बायकांना वाद्याने एकटं सोडायचं नसतं. कुणी तोंड उघडलं रे उघडलं, की त्याचं मँडोलिन त्या सुरामागे धावायचं.

“बाबा, मी गातोय ना? मग तू कशाला गातोस?” ट्रेवर अंकल वैतागले. “शुक्रवारी कार्यक्रम आहे. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर तुझ्या जागी सोहेल गिटार घेऊन उभा राहील.”

बुधवारी दुपारी उर्सुला लेकीला, स्टेफीला, झोपवत होती. ऑस्वल्ड मँडोलिन घेऊन दारात आला.

“नाही जमत गं. ठेवतो परत कपाटावर.”

उर्सुला उठायला गेली. पण स्टेफी कुरकुरली, म्हणून ती गुणगुणत थोपटत राहिली.

“थांब! म्हणजे, थांबू नकोस. तू सुरावर नाही थोपटत. नंतर थोपटतेस.”

“सुरावर थोपटलं की दचकते ती. आठ महिन्यांत एकदा तरी झोपवलं असतंस, तर कळलं असतं!”

तो हसला आणि पलंगाच्या कडेला टेकला. तिची गुणगुण, त्याचं चक्. स्टेफी झोपली तरी दोघं थांबली नाहीत.

शुक्रवारी चर्चमधली मास आटोपून सगळे हॉलवर जमले. ट्रेवर अंकल गाऊ लागले. चक्. चक्. मँडोलिन कुणाच्या मागे धावलं नाही. कडवं संपलं, बँजो एकटा वाजला, आंद्रियाचं व्हायोलिन वाजलं. आता पाळी ऑस्वल्डची. हा आपला डोळे मिटून चक्, चक्!

उर्सुला स्टेफीला कडेवर घेऊन उभीच राहिली. “अरे ऑस्वल्ड, आता तू!”

हॉल खो-खो हसला. ऑस्वल्डने लाल होत डोळे उघडले आणि आठही तारा अशा काही सुटल्या, की हसणारे टाळ्यांचा ठेका धरू लागले. ट्रेवर अंकलनी पुढचं कडवं उचललं, तसा तो आपणहून परत चक्‌वर आला.

कार्यक्रमानंतर अंकल म्हणाले, “आधी गप्प बसत नव्हतास, आता तुला बोल म्हणून सांगावं लागतं. दर गुरुवारी सातला तालीम. बायकोला आण, हाक मारायला लागेल.”

“सातला स्टेफी झोपते,” उर्सुला म्हणाली.

“मग सहाला. यल्ला, चला, बिर्याणी निवतेय!”